सायनोटाइपच्या कृतीत हवेतला ओलावाही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायनोटाइप, व्हॅन डाइक, सॉल्ट प्रिंट, गम, पॅलेडियम अशा, कागदावर हाताने लेप देऊन फोटो छापण्याच्या जुन्या पद्धतींच्या कृती आता मराठी पुरवण्यांत आणि कार्यशाळांच्या टिपणांत वाचायला मिळतात, याचा आम्हा छपाई करणाऱ्यांना मनापासून आनंद आहे. तक्रार एकच. या कृतींत ग्रॅम असतात, मिलिलिटर असतात, मिनिटे असतात. पण हवा कुठेच नसते. 'लेप दिलेला कागद अंधारात वाळवा' एवढ्या एका ओळीवर सगळे भागवले जाते. मूळ कृती ज्या देशांत लिहिल्या गेल्या तिथे खोलीचे तापमान साधारण २० अंश आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास धरलेली असते. ते लिहिण्याची गरज तिथल्या लेखकाला वाटत नाही. आपल्याकडे मात्र ती ओळ जुलैतल्या मुंबई-रत्नागिरीत एक काम करते आणि मेमधल्या नागपूर-चंद्रपुरात अगदी उलटे. मग प्रिंट बिघडला की दोष रसायनाच्या दुकानावर, कागदावर किंवा बिचाऱ्या विद्यार्थ्यावर जातो.

यामागचे कारण समजून घेणे अवघड नाही. सायनोटाइपमध्ये उन्हातली अतिनील किरणे फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर करतात आणि त्या फेरसची पोटॅशियम फेरिसायनाइडशी गाठ पडली की निळा रंग तयार होतो. ही गाठ पडायला दोघांना कागदाच्या तंतूंत थोडे तरी हलता आले पाहिजे, आणि हलायला पाणी लागते. हाताला कोरडा लागणारा कागदही हवेतून पाणी धरून असतो. त्या न दिसणाऱ्या पाण्यावर ही सगळी छपाई चालते. ते फार झाले तर उन्हात जाण्याआधीच अंधारात रासायनिक क्रिया सुरू होते. फार कमी झाले तर उन्हात काही दिसत नाही आणि धुताना चित्र अर्धे वाहून जाते.

आधी दमट हवेचे पाहू. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत आजही जवळपास त्याच दोन द्रावणांवर चालते: १०० मिलि पाण्यात २५ ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि दुसऱ्या बाटलीत १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. लेप देण्यापूर्वी दोन्ही समप्रमाणात मिसळायची; आठ बाय दहा इंचांच्या चित्राला मिळून २ मिलि पुरे. पहिला घोटाळा वजन करतानाच होतो. हिरवे सायट्रेट पावसाळ्यात गुळासारखे सादळते. उघडलेल्या बरणीतले २५ ग्रॅम म्हणजे २५ ग्रॅम सायट्रेट नव्हे, त्यात पाण्याचा वाटा किती ते सांगता येत नाही. म्हणून बरणी कोरड्या दिवशी उघडावी आणि एकदाच सगळीचे द्रावण करून टाकावे. या द्रावणावर बुरशी फार लवकर धरते, उकाड्यात तर आठवडाभरात साय दिसते. ओव्याच्या फुलाचा, म्हणजे थायमॉलचा, एक लहान खडा बाटलीत टाकला तर ती बरीच लांबते. धरलीच तर कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळावे आणि वापरण्याआधी परीक्षा घ्यावी: पांढऱ्या बशीत दोन्ही द्रावणांचा एकेक थेंब मिसळावा. पिवळसर हिरवा राहिला तर ठीक. लगेच निळा झाला तर बाटलीतच फेरस तयार झाले आहे, ते द्रावण टाकून द्यावे.

लेप दिलेला कागद ८५ टक्के आर्द्रतेत वाळतच नाही. वाळल्यासारखा वाटतो, पण थंड आणि नरम लागतो. या अवस्थेत त्याचा पिवळा-हिरवा रंग काही तासांतच राखाडी-निळसर होऊ लागतो. असा कागद छापला की चित्र दिसते, पण पांढरे भाग धुऊनही पांढरे होत नाहीत. आदल्या रात्री वीस कागदांना लेप देऊन सकाळी कार्यशाळेत वाटायचे, हा प्रकार जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर करूच नये. करावाच लागला तर छपाईपूर्वी एका कागदाची बोटभर रुंद पट्टी कापावी आणि उन्हात न नेता तशीच पाण्यात धुवावी. पट्टी कोरी पांढरी झाली तर कागद चांगले. निळी छटा राहिली तर पुढची मेहनत वाया जाणार आहे, हे सहभागींना आधीच सांगावे.

वाळवण्यासाठी हेअर ड्रायर सर्रास वापरतात, त्यातही गल्लत आहे. गरम झोताने कागद पाच मिनिटांत कडकडीत होतो, पण झोत बंद केल्यावर खोलीतली ओल पुन्हा शोषू लागतो. लगेच छापलेला आणि अर्ध्या तासाने छापलेला कागद म्हणूनच वेगळे निघतात, आणि एकाच तुकडीतले प्रिंट एकमेकांशी का जुळत नाहीत याचे उत्तर बहुधा इथेच सापडते. थंड झोत, पंखा आणि दर वेळी घड्याळ लावून तेवढाच वेळ, हे बरे.

आता विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा. दुपारी आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली जाते, तापमान ४४ च्या पुढे. ब्रश फिरवता फिरवताच लेप वाळतो, पट्टे उमटतात. कागद इतका कोरडा असतो की द्रावण तंतूंत मुरण्याआधीच वर सुकते. धुताना निळा रंग ओघळतो आणि गडद भाग फिके पडतात. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. पुस्तकात लिहिलेले असते, 'गडद भाग राखाडी-रुपेरी दिसू लागले की फ्रेम आत घ्या.' (फ्रेम म्हणजे निगेटिव्ह आणि कागद काचेखाली दाबून उन्हात ठेवायची चौकट.) ही खूण ओलाव्यावर अवलंबून आहे. कोरड्या कागदावर ती येतच नाही किंवा फार उशिरा येते. छापणारा वाट पाहत बसतो आणि चित्र करपते. अशा हवेत डोळ्यांवर न जाता पट्टीची चाचणी घ्यावी: एकाच कागदावर ४, ६, ८, १२ मिनिटांचे टप्पे छापून, धुऊन, वाळवून मगच वेळ ठरवावी. लेप देण्यापूर्वी कोरा कागद ओलसर डब्यात तासभर ठेवला तर पट्टेही कमी पडतात.

हा डबा म्हणजेच आमच्या या पत्राचे मुख्य सांगणे. काही मिठांचा ओला चिखल बंद डब्यात ठेवला की आतली आर्द्रता त्या मिठाच्या ठरलेल्या आकड्यावर येऊन थांबते, बाहेर पाऊस असो की लू. स्वयंपाकघरातले साधे मीठ ७५ टक्क्यांवर थांबते आणि २० ते ४० अंशांत हा आकडा जवळपास हलत नाही. नवसागर ७९ च्या आसपास. मॅग्नेशियम नायट्रेट, जे खतांच्या दुकानातही मिळते, २५ अंशांना ५३ आणि ३० अंशांना ५१. कॅल्शियम क्लोराइड ३० च्या जवळ आणते, ते या कामाला फार कोरडे. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्यावा, तळाशी ट्रेमध्ये बोटभर जाडीचा मिठाचा चिखल, त्यावर चार-पाच बोटे उंच प्लॅस्टिकची जाळी आणि जाळीवर लेप दिलेला, हाताला सुकलेला कागद, लेप वरच्या बाजूला. डबा अंधारात. आत सेलवर चालणारा छोटा पंखा असेल तर अर्धा तास, नसेल तर एक तास. चिखलात न विरघळलेले मीठ कायम दिसले पाहिजे, नाहीतर आकडा ढळतो. मुंबईत मॅग्नेशियम नायट्रेट कागदाचे पाणी ओढून हळूहळू पातळ होते, तेव्हा त्यात कोरडे मीठ घालायचे. नागपुरात साध्या मिठाचा चिखल सुकतो, तेव्हा पाणी शिंपडायचे. किनाऱ्यावर मॅग्नेशियम नायट्रेट, कोरड्या मुलखात साधे मीठ किंवा नवसागर, अशी सरळ वाटणी करता येते. मात्र किनाऱ्यावरचा कागद डब्यातून काढला की लगेच फ्रेममध्ये बंद करावा; बाहेरची हवा काही मिनिटांत हिशेब फिरवते.

आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, पण स्वस्त यंत्रांत पाच-सात टक्क्यांची चूक सहज असते. तीही मिठानेच तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करावे, यंत्रासोबत चेनच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवावे. सकाळी ७५ दिसायला हवे. ६९ दिसले तर त्या यंत्राच्या आकड्यात ६ मिळवत जावे.

वातानुकूलित खोलीने सगळे सुटते, असा एक समज आहे. खोलीतली हवा कोरडी होते हे खरे. पण जुलैत बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असताना दवबिंदू २६ अंशांवर असतो. २२ अंशांच्या खोलीतून फ्रेम बाहेर नेली की थंड काचेवर दव धरते, फ्रिजमधल्या तांब्यावर धरते तसे, आणि ते काचेवरून निगेटिव्हवर व कागदावर उतरते. खोली २७ वर ठेवावी आणि रिकामी फ्रेम आधीच बाहेर ठेवून गरम होऊ द्यावी. कागद व निगेटिव्ह बंद पिशवीतून न्यावेत.

फ्रेममध्येही हवामान चालूच असते. मे महिन्याच्या उन्हात काच हात लावू देत नाही इतकी तापते. कागदातले पाणी वाफ होऊन काचेखाली साचते, कडा कोरड्या पडतात आणि मध्य ओला राहतो. प्रिंटवर ढगांसारखे डाग येतात ते यामुळे. वर शाईची निगेटिव्ह असेल तर तिची शाई लेपाला चिकटते आणि निगेटिव्ह कायमची जाते. निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये अगदी पातळ पॉलिएस्टरची फिल्म घातली तर निगेटिव्ह वाचते, तीक्ष्णता किंचित कमी होते. कागदाच्या पाठीमागे तीच फिल्म घातली तर फ्रेमच्या मागच्या फेल्टमधली ओल कागदात येत नाही. पावसाळ्यात मळभात ऊन मिळत नाही म्हणून अतिनील नळ्यांची पेटी वापरणाऱ्यांनीही नळ्यांची उष्णता बाहेर काढणारा पंखा बसवावा. पहिला प्रिंट आणि आठवा प्रिंट यांच्यातला फरक त्याने बराच मिटतो.

गम बायक्रोमेटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण उकाड्याचा सर्वांत मोठा फटका तिथे बसतो. डायक्रोमेट (बायक्रोमेट हे त्याचेच जुने नाव) आणि रंग मिसळलेला डिंक उजेडात कडक होतो, पण अंधारातही हळूहळू होतच असतो, आणि हा वेग उष्णता व ओलावा दोन्हींबरोबर वाढतो. थंड देशातला छापणारा सकाळी लेप देऊन संध्याकाळी छापू शकतो. मुंबईच्या मे महिन्यात तेवढ्या वेळात संपूर्ण थर पाण्यात न सुटणारा होतो आणि सगळीकडे रंगाचा पडदा राहतो. गरम ड्रायर इथे अजिबात नको. लेप, पंख्याची थंड हवा आणि अर्ध्या तासाच्या आत छपाई. डायक्रोमेटचे प्रमाण कमी ठेवले तर उन्हात वेळ जास्त लागतो, पण पांढरे भाग स्वच्छ राहतात. कृतीत 'संपृक्त द्रावण' असे लिहिलेले असते, तेही आपल्या हवेत धोक्याचे. पोटॅशियम डायक्रोमेट २० अंशांना १०० मिलि पाण्यात साधारण १२ ग्रॅम विरघळते, ४० अंशांना २६. म्हणजे डिसेंबरचे संपृक्त आणि मेचे संपृक्त यांत दुपटीहून जास्त फरक. तोलून १० टक्क्यांचे करावे, प्रश्न मिटतो.

डिंकाचेही तसेच. बाजारात 'खायचा डिंक' म्हणून मिळणारा पुष्कळदा धावड्याचा असतो. तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही, गोळे राहतात. बाभळीच्या कुळातला स्वच्छ डिंक, एका भागाला दोन भाग पाणी, रात्रभर भिजवून तलम कपड्यातून गाळलेला हवा. उकाड्यात तो तीन दिवसांत आंबतो, वास बदलतो, पातळ होतो. सोडियम बेंझोएट घालून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि तो फ्रिज स्वयंपाकाचा नसावा. गममध्ये एकावर एक तीन-चार थर छापायचे असतात आणि कागद ओलाव्याने फुगतो, मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने. सकाळचा थर आणि दुपारचा थर मिलिमीटरभर सरकलेले दिसतात. कागद आधी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाळवून घ्यावा आणि प्रत्येक थरापूर्वी त्याच मिठाच्या डब्यात ठेवावा.

डायक्रोमेट हे षट्संयुजी क्रोमियम आहे, कर्करोगकारक आहे. घामाने भिजलेल्या हातांनी, बोट चिरलेले असताना, उघड्या चपलांत हे काम करू नये. नायट्राइल हातमोजे घालावेत. उकाड्यात ते नकोसे होतात हे खरे, म्हणून दोन जोड जवळ ठेवून बदलावेत. उरलेल्या द्रावणात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून केशरी रंग हिरवा होईपर्यंत थांबावे. तसेच्या तसे मोरीत ओतू नये. शाळकरी मुलांच्या कार्यशाळेत गम ठेवूच नये, हे आमचे ठाम मत आहे. सायनोटाइप आहे की.

कार्बन ट्रान्सफरची गोष्ट थोडक्यात. तिथे रंग मिसळलेला जिलेटिनचा थर कागदावर उतरवायचा, म्हणून सगळा खेळ जिलेटिनचा, आणि साधारण ३० अंशांच्या वर जिलेटिन घट्टच होत नाही. एप्रिल ते जून बर्फाच्या पाण्याशिवाय किंवा थंड खोलीशिवाय हात घालू नये. कोलोडियनचेही, म्हणजे काचेवर लेप देऊन निगेटिव्ह करण्याच्या जुन्या द्रावणाचेही, तेच: त्यातला ईथर ३४.६ अंशांना उकळतो, म्हणजे वैशाखात बाटली उघडणे हाच आगीचा धोका. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी तिच्या सदस्यांपैकी होते. त्या पिढीने याच हवेत, विजेच्या पंख्याशिवाय आणि बर्फाच्या तुटवड्यात छपाई केली. आपल्या हाताशी मापक आहे, फ्रिज आहे.

सॉल्ट प्रिंट आणि व्हॅन डाइकमध्ये चांदी असल्याने दमटपणाची किंमत पैशांतही मोजावी लागते. साधारण २ टक्के मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर १२ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा लेप देतात. तो ओलसर राहिला तर सिल्व्हर नायट्रेट निगेटिव्हवर चढते आणि काळे ठिपके कायम उमटतात. उष्णतेने न छापलेला कागद दुपारपर्यंत पिवळा-तपकिरी होतो. लेपात थोडे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, घातले तर काही तास मिळतात. आणि घाम. घामात मीठ असते. लेपावर पडलेला एक थेंब तिथे सिल्व्हर क्लोराइड करतो आणि प्रिंटवर न जाणारा गोल डाग देतो. कपाळाला रुमाल बांधून काम करणे ही इथे खरोखरच कृतीतली पायरी आहे.

पॅलेडियम सर्वांत महाग. त्यात ओलाव्याने नुसता बिघाड होत नाही, रंगच बदलतो. अमोनियम फेरिक ऑक्झलेटच्या पद्धतीत ओलसर कागद उन्हातच पूर्ण छापून येतो आणि राखाडी-काळा रंग देतो. कोरडा कागद तपकिरीकडे झुकतो. म्हणजे मिठाचा डबा इथे रंग निवडण्याचे साधन होतो. पोटॅशियम ऑक्झलेटचे डेव्हलपर वापरणाऱ्यांनी त्याचे तापमान लिहून ठेवावे, कारण ३८ अंशांचे डेव्हलपर २० अंशांच्या तुलनेत उबदार रंग आणि जास्त गती देते. फेरिक ऑक्झलेटचे द्रावण उन्हाळ्यात फ्रिजबाहेर ठेवू नये. वर सांगितलेली फेरिसायनाइडच्या थेंबाची परीक्षा त्यालाही लागू आहे.

धुण्याचे पाणी आणि कागद यांविषयी एवढेच: गच्चीवरच्या टाकीचे ४० अंशांचे पाणी सायनोटाइपचा निळा ओढून नेते, आणि बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी तो फिका करते. पहिल्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम लिंबूसत्त्व घालावे. दौलताबादजवळचा कागजीपुरा किंवा पुण्याची हातकागद संस्था यांच्यामुळे आपल्याकडे सुती हातकागदाची परंपरा आहे, आणि तो वापरावा असेच आम्ही सांगू. पण बऱ्याच हातकागदांना खळ कमी असते, ते दमट हवेत टीपकागदासारखे वागतात. जिलेटिनची पातळ खळ एकदा द्यावी. कागदात चुनखडी असेल तर ५ ते १० टक्के सल्फामिक अॅसिडच्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवून भरपूर धुवावा. यासाठी लिंबूसत्त्व वापरू नये, कॅल्शियम सायट्रेटचा न विरघळणारा कण कागदात अडकतो.

आपल्या पुरवणीला, कलामहाविद्यालयांना आणि कार्यशाळा घेणाऱ्यांना आमची विनंती अशी. कोणतीही कृती छापताना किंवा वाटताना ती ज्या हवेत करून पाहिली ते तापमान, ती आर्द्रता आणि तो महिना पहिल्याच ओळीत द्यावा. 'पुणे, फेब्रुवारी, २७ अंश, ४५ टक्के' एवढे चार शब्द पुरेत. मालवणात किंवा वर्ध्यात ती कृती वाचणाऱ्याला मग आपल्या मापकाकडे पाहून मीठ कोणते घ्यायचे, हे स्वतःच ठरवता येईल.

आपले नम्र,
हाताने फोटो छापणारे काही मुद्रक
मुंबई, पुणे, नागपूर